दात खाणं, घोरणं आणि अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याची अडत असलेले एक भाऊ मागच्या डिसेंबरात माझ्या दातांच्या दवाखान्यात आले. खालची उजवी दाढ फुटली होती आणि तुटलेला तुकडा त्यांनी खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्नीत बांधून सोबत आणला होता. वय ४४, अंगानं भरलेले, आवाज लिलावात बसलेला. काय खाताना तुटली, असं विचारलं तर म्हणाले, "काहीच नाही मॅडम. झोपून उठलो तं तोंडात खडा."

बायको बाजूच्या खुर्चीवर होती. ती म्हणाली, "खडा कायचा! रात्रभर दात खाऊन राह्यले हे. दोन वर्षं झाले. पोरगी तं दुसऱ्या खोलीत झोपाले लागली."

ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. चूक मात्र माझी आहे, ती जशीच्या तशी ठेवली आहे.

आधी काय काय होऊन गेलं होतं

झोपेत दात खाण्यावर आपल्याकडे घराघरात एकच निदान असतं: पोटात जंत. आत्याबाईंनी तेच सांगितलं, म्हणून भाऊंनी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी दोनदा घेतली होती. जंत असतील तर ते जायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण मोठ्या माणसाच्या दात खाण्याचा उलगडा जंतांनी होत नाही.

दुसरं निदान बायकोचं होतं: टेन्शन. यात तिचा दोष नाही, आपली भाषाच तसं शिकवते. दातओठ खाणं म्हणजे राग गिळणं. मग जो झोपेत दात खातो त्याच्या मनात काहीतरी साठलेलं असणार, हे आपण भाषेतूनच गृहीत धरतो. भाऊंच्या डोक्याला ताप होताही. उधारी अडकलेली, भावासोबत दुकानाच्या वाटणीचा वाद. पाच महिन्यांपूर्वी छातीत धडधड होते म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले होते आणि तेव्हापासून एसिटॅलोप्राम या चिंतेवरच्या औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी चालू होती.

तिसरं निदान एका दवाखान्यात झालं होतं. 'चावा उंच आहे' असं सांगून तिथं वरच्या दोन दाढांची टोकं घासून दिली होती. हे वाचून काही व्यवसायबंधू नाराज होतील, पण दात नीट बसत नाहीत म्हणून माणूस रात्री ते घासतो ही समजूत आता मागे पडली आहे. या हालचालीची सूत्रं मुख्यतः मेंदूकडे असतात, दातांच्या बैठकीकडे नाही. घासून काढलेलं एनॅमल परत येत नाही. त्या दोन दाढांना थंड पाणी झोंबायला लागलं होतं, बाकी काही फरक पडला नव्हता.

तोंडात काय दिसलं

नागपुरात बसून दातांची झीज वाचणं तसं अवघड काम आहे. भाऊ दिवसाला पाच-सहा खर्रे खायचे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा गालात धरून तासतासभर चघळला जातो आणि सुपारी दाताला कानसेसारखी घासते. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्याच्या दाढा रात्री एकदाही दात न खाता सपाट होऊ शकतात. चावून चावून जबड्याचा स्नायूही फुगतो. परदेशी पुस्तकात 'सपाट दाढा आणि फुगलेला मॅसेटर' हे रात्री दात घासण्याचं लक्षण म्हणून दिलेलं असतं. इथल्या पानठेल्यावर उभ्या असलेल्या निम्म्या लोकांना ते लावता येईल.

म्हणून मी दाढा सोडून सुळ्यांकडे गेले. चघळताना सुळ्यांची टोकं एकमेकांवर फारशी येत नाहीत. भाऊंचे वरचे दोन्ही सुळे टोकाशी तिरके कापल्यासारखे होते आणि त्या कापावर आरशासारखी चकाकी होती. त्यांना म्हटलं, जबडा उजवीकडे सरकवा. अजून. अजून थोडा. नेहमीच्या चावण्याची हद्द ओलांडून जबडा बराच बाहेर गेला तेव्हा खालच्या सुळ्याचा सपाट काठ वरच्या सुळ्याच्या सपाट काठावर कुलपात किल्ली बसावी तसा बसला. मधून उजेडसुद्धा जाईना. हातात आरसा दिला तेव्हा भाऊ स्वतःच चमकले. "इथवर जबडा जाते?" जागेपणी त्यांनी तो तिथवर कधीच नेला नव्हता.

डाव्या बाजूलाही तसंच बसलं. गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी कड उमटलेली, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, सकाळी जबडा आखडतो आणि कानशिलं दुखतात ही तक्रार. खर्र्याचीही खूण होती. गाल आतून फिकट आणि ताठ झाले होते आणि तोंड ३६ मिलिमीटरच उघडत होतं. ही तंतुमयतेची, म्हणजे गालाची आतली त्वचा घट्ट होत जाण्याची, सुरुवात असते. तिचा दात घासण्याशी थेट संबंध नाही, पण तोंडाच्या कर्करोगाशी आहे. त्यामुळे तिची नोंद वेगळी केली आणि भाऊंना त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं.

काही दाढांच्या माथ्यावर बारीक खोलगट वाट्या पडल्या होत्या. नुसत्या घासण्यानं पृष्ठभाग सपाट होतो. वाटी पडते ती आम्लामुळे. विचारल्यावर कळलं की जेवण रात्री अकराला, त्यानंतर लगेच आडवं होणं आणि आठवड्यातून तीन-चार रात्री छातीत जळजळ.

इतकं सगळं पाहून मी खूश झाले होते, हे कबूल करते. निदान पक्कं वाटत होतं. बायकोनं मोबाइलवर आवाज टेपून आणला होता. तिनं तो लावला. जात्यात खडा अडकल्यावर येते तशी करकर. मी तीसेक सेकंद ऐकलं आणि म्हटलं, पुरे, कळलं.

नाव कशाला द्यायचं

झोपेत दात घासण्याला ब्रक्सिझम म्हणतात. २०१८ साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं त्याची जी व्याख्या केली ती मला फार उपयोगी वाटते. झोपेत चावण्याच्या स्नायूंची होणारी क्रिया, एवढंच तिचं सार आहे. बाकी काही त्रास नसलेल्या माणसात तिला हालचालीचा किंवा झोपेचा आजारही म्हणू नये, असं त्या गटाचं मत आहे. कुणात ती निरुपद्रवी असते, कुणात दात आणि जबड्याचं नुकसान करते, आणि कुणात ती दुसऱ्याच कशाची तरी खूण असते.

ही क्रिया मुळात इतकी सर्वसाधारण आहे की झोपेच्या प्रयोगशाळेत तपासलेल्या, दात न खाणाऱ्या निरोगी माणसांपैकीही सुमारे ६० टक्क्यांमध्ये जबड्याच्या स्नायूंची ही लयबद्ध हालचाल थोड्या प्रमाणात सापडली. दात खाणाऱ्यांमध्ये ती जास्त वेळा होते आणि जोरानं होते. हलक्या झोपेत ती सर्वांत जास्त दिसते, स्वप्नांच्या झोपेत बरीच कमी.

मोठ्यांमध्ये हे प्रमाण किती, याचं उत्तर विचारण्याच्या पद्धतीवर ठरतं. सर्वेक्षणांची एकत्र छाननी केली तर साधारण १२-१३ टक्के प्रौढ आपण झोपेत दात खातो असं सांगतात. ब्राझीलमधल्या साव पावलो शहरात हजाराहून जास्त लोकांची रात्रभर यंत्रावर तपासणी झाली, तेव्हा प्रश्नावलीत १२.५ टक्के निघाले आणि यंत्रावर ७.४ टक्के. म्हणजे सांगणारे आणि घासणारे हे दोन गट पूर्ण एक नाहीत. स्त्री-पुरुष फरक फारसा नाही, आणि वय वाढेल तसं प्रमाण कमी होत जातं.

गार्ड दिला

फुटलेल्या दाढेची नस उघडी पडली नव्हती. तात्पुरतं सिमेंट भरलं. मग वरच्या दातांचं माप घेऊन कडक अॅक्रिलिकचा नाइट गार्ड करून दिला. आम्ही दंतवैद्य इथपर्यंत हातखंड्यानं पोचतो. गार्ड दातांना वाचवतो, घासणं थांबवत नाही. हे मी त्यांना सांगितलं. खर्रा सोडा, हेही सांगितलं. दीड महिन्यानं या म्हटलं.

ते फेब्रुवारीत आले, मृगाची संत्री बाजारात उतरलेली असताना. गार्डच्या उजव्या बाजूला नख बसेल एवढा खड्डा पडला होता आणि मागे एक चीर गेली होती. दात शाबूत होते, म्हणजे गार्डनं आपलं काम केलं होतं. झोपेत दात किती जोरानं आवळले जातात याचं एक मोजमाप जपानी संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलं आहे. त्यात एका माणसाचा रात्रीचा सर्वाधिक जोर ८१ किलोच्या वर गेला, जागेपणी मुद्दाम लावता येणाऱ्या त्याच्या जोरापेक्षाही जास्त. झोपेत 'आता दुखतंय, थांब' असं सांगणारी राखण ढिली असते.

मी गार्ड उजेडात धरून बघत होते, तेवढ्यात बायको म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? हे लावल्यापासून घोरणं वाढलं ह्यांचं. आणि मधातच गप्प होतेत. मले भेव लागते."

मधातच गप्प. हा शब्द तिनं डिसेंबरात उच्चारला नव्हता, कारण मी विचारलंच नव्हतं. मी दात विचारले, तिनं दात सांगितले.

अकरा मिनिटं

जुनं रेकॉर्डिंग फोनमध्ये होतंच. अकरा मिनिटं आणि काही सेकंदांचं. या वेळी दार लावून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी ते पूर्ण ऐकलं.

सुरुवातीला चढत जाणारं घोरणं. मग एकदम काही नाही. पंख्याचा आवाज तेवढा. घड्याळाचा काटा पंधरा सेकंद पुढे गेला, वीस, बावीस. मग घशातून फाटल्यासारखा मोठा श्वास, अंथरुणाची सळसळ, आणि त्यानंतर करकर, करकर, करकर, सेकंदाला साधारण एक. चार-पाच घासण्या झाल्यावर गिळल्याचा आवाज, आणि पुन्हा घोरणं चढायला लागलं. अकरा मिनिटांत ही साखळी सहा वेळा पूर्ण झाली. एकदा श्वास थांबून सुटला पण दात वाजले नाहीत. एकदा श्वास न थांबताच दात वाजले.

डिसेंबरात मी ऐकलेली तीस सेकंदं यातल्याच एका करकरीची होती. तिच्या आधीची बावीस सेकंदं ऐकली असती तर गार्ड करायच्या आधी थांबले असते.

या क्रमाला शरीरशास्त्र आहे. झोपेच्या प्रयोगशाळांमधून, विशेषतः माँट्रियलमधल्या गटाच्या कामातून, दात घासण्यापूर्वी शरीरात काय होतं हे बऱ्यापैकी समजलं आहे. काही मिनिटं आधी शरीराला सावध करणाऱ्या सिंपथेटिक मज्जासंस्थेची हालचाल वाढते. घासण्याच्या सुमारे चार सेकंद आधी मेंदूच्या लहरी जागेपणाकडे सरकतात. मग हृदयाचे ठोके वाढतात, जबडा उघडणारे स्नायू आवळतात, आणि सर्वांत शेवटी जबडा मिटणारे स्नायू दात घासतात. बऱ्याचदा शेवट गिळण्यानं होतो. म्हणजे दात खाणं हे या साखळीचं शेपूट आहे. माणूस पूर्ण जागा होत नाही, पण झोप क्षणभर उसवते. झोप वारंवार उसवणारी कोणतीही गोष्ट या शेपटाला संधी देते.

श्वास अडकणं ही झोप उसवणारी सर्वांत ठळक गोष्ट. तरी प्रत्येक घासणं श्वास थांबल्यावरच येतं असं नाही, रेकॉर्डिंगनंही तेच सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात सापडतात आणि एकमेकींना खतपाणी घालतात, असं म्हणणं जास्त रास्त.

आणि माझा गार्ड? श्वासरोध, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडकण्याचा आजार, असलेल्या दहा रुग्णांवर माँट्रियलमध्येच एक छोटा अभ्यास झाला होता, २००४ साली प्रसिद्ध झालेला. वरच्या दातांवर असाच गार्ड लावल्यावर दहापैकी पाच जणांमध्ये श्वास अडकण्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त वाढलं. गार्डच्या जाडीनं जबडा उघडतो, उघडताना किंचित मागे फिरतो आणि जीभ घशाकडे सरकते, हे त्याचं पटण्याजोगं कारण. बायकोचं 'हे लावल्यापासून' अगदी बरोबर होतं. गार्ड मी त्याच दिवशी काढून ठेवला.

बाकीचे साथीदार

आता भाऊंची पूर्ण यादी केली, जी पहिल्या भेटीतच करायला हवी होती. युरोपात ब्रिटन, जर्मनी आणि इटली मिळून १३,०५७ लोकांना फोनवर विचारून २००१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून एकदा तरी दात खाणारे ८.२ टक्के निघाले. त्यांच्यासोबत काय काय आढळतं याची आकडेवारी तिथं आहे, आणि ती वाचताना मला दर ओळीला भाऊ दिसत होते. झोपेत श्वास अडकणाऱ्यांमध्ये दात खाण्याचं शक्यता-गुणोत्तर १.८ (१ म्हणजे फरक नाही, त्याहून जास्त म्हणजे शक्यता जास्त). जास्त दारू पिणाऱ्यांमध्येही १.८. मोठ्यानं घोरणाऱ्यांमध्ये आणि कॅफिन घेणाऱ्यांमध्ये १.४. धूम्रपान, चिंता, तणावाचं आयुष्य, दिवसा झोप येणं, या सगळ्यांचं १.३ च्या आसपास.

तणाव या यादीत तळाला आहे. मी तणाव नाकारत नाही. पण लोकांना विचारून केलेल्या अभ्यासांत तो जितका दिसतो तितका रात्रभर यंत्रावर मोजलेल्या अभ्यासांत सातत्यानं दिसत नाही. ज्याला आपण तणावात आहोत असं वाटतं तो आपण दात खातो असंही चटकन म्हणतो. दिवसा जागेपणी दात आवळून बसण्याशी मात्र तणावाचं नातं जास्त घट्ट आहे, आणि भाऊ लिलाव चालू असताना दात आवळूनच उभे असायचे. ती वेगळी सवय, तिला वेगळा उपाय.

दारूचं विचारलं तेव्हा भाऊंनी बायकोकडे पाहिलं. "कधीमधी." बायकोनं चार बोटं दाखवली, आठवड्यातले चार दिवस. रात्री दहाला दोन पेग. दारूनं झोप लवकर लागते, पण घशाचे स्नायू सैल पडतात, श्वास जास्त अडकतो आणि उत्तररात्री झोप तुटते. त्यांच्या बाबतीत एकाच पेल्यात दोन कारणं होती.

तंबाखूचे अभ्यास बहुतेक धूम्रपानावर आहेत. पण निकोटिन मेंदूला जागं ठेवतं ते धुरातून आलं काय किंवा खर्र्यातून. भाऊंचा शेवटचा खर्रा झोपायच्या अर्धा तास आधी, गालात ठेवूनच ते टीव्ही बघायचे. दिवसभरात चहा आठ-नऊ कप, शेवटचा रात्री नऊला.

छातीतली जळजळही सुटी नव्हती. जपानमध्ये निरोगी माणसांच्या अन्ननलिकेत झोपेत सौम्य आम्ल सोडून पाहिलं तेव्हा जबड्याची लयबद्ध हालचाल वाढली, असा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला आहे. वर आलेल्या आम्लानं मऊ झालेलं एनॅमल मग घासणं लवकर खाऊन टाकतं. वाट्या आणि सपाट सुळे एकाच तोंडात का, याचा मेळ इथं लागला.

राहिली ती गोळी. नैराश्य आणि चिंतेवरच्या एसएसआरआय गटातल्या औषधांनी काहींमध्ये दात खाणं नव्यानं सुरू होतं किंवा वाढतं, आणि एसिटॅलोप्राम त्याच गटातली. इथं तारखा महत्त्वाच्या. बायको 'दोन वर्षं' म्हणाली होती, गोळी पाच महिन्यांची. सुरुवात गोळीनं केली नव्हती. वाढवलं असेल का? "दिवाळीच्या आधीपासून जास्त झालं," एवढंच तिला आठवत होतं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही असं भाऊंना बजावून मी मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली. धडधड थांबली आहे, घरात भांडणं कमी आहेत, गोळी सध्या याच मात्रेत राहू द्या आणि आधी श्वासाचं बघा, असं त्यांनी कळवलं. मला ते पटलं. एका वेळी सगळे खिळे उपटले तर कोणता खिळा टोचत होता हे कळत नाही.

जाता जाता बायकोनं सांगितलं की मुलगीही लहानपणी दात खायची. फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातून यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला आहे. त्यावर करण्यासारखं काही नाही, मुलीच्या दातांकडे लक्ष ठेवायचं एवढंच.

तपासणीची रात्र

खुर्चीतच श्वासरोधाचा धोका जोखणारे स्टॉप-बँगचे आठ प्रश्न विचारले. घोरणं हो. दिवसा थकवा हो; दुपारी गादीवर बसल्या बसल्या डुलकी लागायची आणि गिऱ्हाईक हाक मारायचं. श्वास थांबताना कुणी पाहिलं, हो. रक्तदाब मोजला, १५०/९४, त्यांना माहीतच नव्हता. वजनाचा निर्देशांक २९, त्या प्रश्नाच्या ३५ च्या मर्यादेत. वय पन्नाशीच्या आत. गळ्याचा घेर ४४ सेंटिमीटर. पुरुष. आठपैकी सहा. पाच किंवा त्याहून जास्त आले की धोका जास्त समजतात.

छातीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि चिठ्ठीत एक विनंती केली: झोपेच्या तपासणीत नेहमी हनुवटीवर तार लावतात, तशी एक मॅसेटरवर, म्हणजे गालातल्या चावण्याच्या स्नायूवरही लावावी. ही विनंती केली नाही तर दातांची रात्र नोंदलीच जात नाही.

अहवालात तासाला २६ वेळा श्वास थांबणं किंवा उथळ होणं. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र, या मोजपट्टीवर मध्यम पण वरच्या टोकाला. रक्तातला प्राणवायू एका क्षणी ८१ टक्क्यांवर उतरला होता. जबड्याचे लयबद्ध झटके तासाला ६. चारच्या वर गेलं की ते जास्त मानतात. बहुतेक हलक्या झोपेत, आणि बरेचसे श्वास सुटल्यानंतरच्या काही सेकंदांत.

जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण हा एक पर्याय होता. ते श्वास आणि दात दोन्हींवर काम करतं. पण ३६ मिलिमीटर उघडणारं, ताठर होत चाललेलं तोंड त्यासाठी चांगलं नाही. म्हणून छातीरोगतज्ज्ञांनी सीपॅप मशीन दिलं, मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारं. रक्तदाबाची गोळी फिजिशियननं सुरू केली.

पहिल्या आठवड्यात भाऊंनी मास्क चार वेळा काढून फेकला. "हत्तीची सोंड लावल्यासारखं वाटते," म्हणाले. मास्कचा आकार बदलल्यावर जमलं. दारू मार्चपासून बंद, ती मात्र सपाट्यात सुटली. घरात मुलीची दहावी होती. रात्रीचं जेवण नऊला आणलं, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा सरकवल्या. रात्रीचा चहा गेला. खर्रा पाचावरून दोनावर आला आणि तिथंच अडला. गालाची तपासणी मी दर तीन महिन्यांनी करते आहे, आणि दर वेळी त्या दोन खर्र्यांवरून आमचं वाजतं.

सहा आठवड्यांनी बायको सांगायला आली तेव्हा घोरणं नव्हतंच. दात? "कधी कधी. आठवड्यात एखाद-दोन रात्री, तेबी थोडं." सकाळची कानशिलं दुखणं थांबलं. दुपारची डुलकी गेली. यातलं किती मशीननं केलं, किती दारू सुटल्यानं आणि किती लवकर जेवल्यानं, हे एका माणसावरून वेगळं काढता येत नाही. मी काढायचा प्रयत्नही केला नाही.

फुटलेल्या दाढेवर तोवर सिमेंटच होतं. मे महिन्यात तिच्यावर पूर्ण धातूची कॅप बसवली. भाऊंना पांढरी हवी होती. मागच्या दाढेवर, या जोरापुढे, मला धातूवर जास्त भरवसा होता. नवा गार्ड केला तो मशीन चालू असतानाच वापरायचा या अटीवर, आणि या वेळी खालच्या दातांवर, पातळ. बोटुलिनम इंजेक्शनचं भाऊंनी कुठंतरी ऐकलं होतं. त्यानं स्नायूचा जोर कमी होतो, घासण्याच्या वेळा फारशा कमी होत नाहीत. त्यांना त्याची गरज नव्हती.

ऑगस्टच्या शेवटच्या भेटीत गार्डवर निळा कागद फिरवून खुणा पाहिल्या. डावीकडे काही नाही. उजवीकडे सुळ्याच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा एक चकाकता ठिपका. जुन्या गार्डवर याहून कमी दिवसांत खड्डा पडला होता. तो जुना, चिरलेला गार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

पुढची भेट नोव्हेंबरात आहे. तेव्हा आंबिया बहार बाजारात असेल, भाऊ पहाटे तीनला उठून गाड्या उतरवून घेत असतील, आणि झोप चार तासांवर आली असेल. गार्ड सोबत आणायला सांगितलं आहे. आणि बायकोला सांगितलं आहे की आवाज टेपायचा तर पूर्ण टेप, मी पूर्ण ऐकेन.